आठ मिलिमीटरचा हिशेब : १९८८च्या पद्मिनीच्या उतरलेल्या दाराचे प्रकरण

कोल्हापूरला राहणाऱ्या माझ्या मामांची १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. खाजगी मोटारीची नोंदणी पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, आणि ती पाळी २०२३ साली पुन्हा आली. इंजिन, ब्रेक आणि दिवे यांची कामे आधीच झालेली होती. राहिले होते ते ड्रायव्हरच्या बाजूचे दार. ते लावण्यासाठी डाव्या हाताने काच खाली करून, उजव्या तळव्याने चौकट वर उचलून, एका विशिष्ट झटक्याने आत ओढावे लागत असे. मामांच्या हाताला ही कसरत इतकी सवयीची झाली होती की तक्रार त्यांची नव्हतीच. तक्रार मामींची होती, कारण पावसाळ्यात त्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातून आत येणारे पाणी सीटवर पडत असे आणि सीट वाळवण्याचे काम त्यांच्याकडे येत असे.

उतरलेल्या दारावर आजवर तीन उपाय झालेले होते. पहिल्या वेळी खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे दाराचे लॉक ज्याला धरते तो भाग, थोडा खाली सरकवण्यात आला. दुसऱ्या वेळी बिजागरीच्या पानांमध्ये लाकडाचा तुकडा धरून दार जोराने ओढण्यात आले, म्हणजे पान वाकून दार वर येईल. हा उपाय गॅरेजमध्ये सर्रास चालतो आणि दोन मिनिटांत होतो, एवढाच त्याचा गुण. तिसऱ्या वेळी कोणी तरी वरच्या बिजागरीचे पान खांबाच्या पत्र्याला कडेने वेल्डिंगचे टाके मारून पक्के केले. प्रत्येक उपायानंतर काही महिने दार बरे लागले आणि पुन्हा उतरले. या दारावरून इतके हात फिरलेले होते की मूळ बांधणीपेक्षा दुरुस्त्यांचाच अभ्यास आधी करावा लागला.

गाडीबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण त्याचा संबंध पुढे येतो. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११०० डी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून ती ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने बनवली, सत्तरच्या दशकात तिचे आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ असे नामांतर झाले. तिचे मूळ घराणे १९५३ सालच्या फियाट ११००-१०३ चे, आणि त्या गाडीपासूनच या मालिकेत वेगळी चासी नाही. छप्पर, खांब, उंबरठा आणि तळ मिळून एकच पेटी तयार होते. दार ज्या खांबाला टांगलेले असते तो खांबही त्या पेटीचाच भाग आहे. त्यामुळे अशा गाडीचे दार उतरले असता दोष बिजागरीचाच असेल असे नाही. तळ किंवा उंबरठा गंजून पेटीच वाकली असेल, तरी लक्षण अगदी तेच दिसते.

म्हणून पहिली तपासणी उंबरठ्याची केली. पायांखालचे रबर आणि त्याखालचे जाजम काढून तळाचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ठोकून पाहिला. एका जागी रंग फुगलेला होता, पण पत्रा शाबूत होता. मग दार लावून, त्याच्या मागच्या कडेची फट वर, मध्ये आणि खाली मोजली आणि गाडी उजव्या बाजूने जॅकवर उचलून तीच तीन मापे पुन्हा घेतली. कमकुवत उंबरठ्याची गाडी जॅकवर घेतली की फट डोळ्यांदेखत बदलते, कधी कधी तर दार उघडतच नाही. इथे फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी आला. पेटी ठीक होती.

फटीचा आकार मात्र बोलका होता. मागच्या कडेला वर फट जेमतेम दोन मिलिमीटर आणि खाली सात. पुढच्या कडेला याच्या उलट, वर रुंद आणि खाली चिंचोळी. दार वरच्या बिजागरीपाशी खांबापासून सुटून मागे आले होते आणि खालच्या बिजागरीवर टेकून फिरले होते. झिजलेल्या बिजागरीचे हे ठरलेले चित्र आहे. दार सरळ खाली बसले असते, तर फटी समांतर राहिल्या असत्या.

आता ते किती उतरले हे मोजायचे होते, आणि इथे माझी पहिली चूक झाली. दार अर्धे उघडून, त्याच्या लॉककडच्या टोकाखाली लाकडाची फळी आणि जुने गोणपाट ठेवून, छोट्या जॅकने ते हळूहळू उचलले आणि जमिनीपासून टोकाची उंची मोजली. फरक चौदा मिलिमीटर आला. इतका खेळ बिजागरीत असता तर दार हातात आले असते. थोड्या वेळाने उलगडा झाला : दाराचे वजन जॅकवर गेले की गाडीच्या त्या बाजूवरचा भार कमी होतो, स्प्रिंग सैल होतात आणि सगळी गाडीच वर येते. मापाचा आधार जमीन असता कामा नये, गाडीच असली पाहिजे. मग स्ट्रायकर पूर्ण काढून टाकला, दार मधल्या खांबापाशी रबराला न दाबता आणून ठेवले, खांबावर आणि दारावर कागदी चिकटपट्टी लावून पेन्सिलने एक आडवी रेघ मारली आणि पुन्हा उचलले. दाराचे वजन पूर्णपणे जॅकवर येताच रेघेची दोन टोके एकमेकांपासून आठ मिलिमीटर सरकलेली होती. स्ट्रायकर काढणे महत्त्वाचे, कारण लावलेल्या दाराचा भार स्ट्रायकरच उचलून धरतो आणि झीज झाकली जाते. गॅरेजमध्ये दार लावून ‘ठीक दिसतंय की’ असे जे म्हटले जाते, त्याचा अर्थ फारसा नसतो.

हे आठ मिलिमीटर कुठून आले, हा या प्रकरणातला खरा प्रश्न होता.

दोन बिजागऱ्यांमधले उभे अंतर ३६० मिलिमीटर होते आणि बिजागरीच्या रेषेपासून लॉकचे अंतर ९०० मिलिमीटर. म्हणजे वरच्या आणि खालच्या बिजागरीत मिळून जेवढा आडवा खेळ असेल, त्याच्या अडीचपट दार लॉकपाशी खाली येणार. भाराचा हिशेबही याच भूमितीतून निघतो. काचेसह दाराचे वजन काट्यावर वीस किलो भरले. ते दाराच्या साधारण मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून ४५० मिलिमीटरवर धरले, तर वरच्या बिजागरीला बाहेर ओढणारा आणि खालच्या बिजागरीला आत दाबणारा आडवा भार प्रत्येकी पंचवीस किलो होतो. दार नुसते उघडे टांगलेले असतानाचा हा भार. मामांचे वय त्र्याहत्तर, गुडघे दुखरे. उतरताना ते दाराच्या चौकटीवर हात टेकून उठतात. बिजागरीपासून ७२० मिलिमीटरवर पंचवीस किलो भार टाकला, तर प्रत्येक बिजागरीवर आणखी पन्नास किलोंची भर पडते, म्हणजे एकूण तिप्पट. हे रोज चार-सहा वेळा आणि तेही दार फिरत असताना. पिना कशा खाल्ल्या गेल्या याचे उत्तर बरेचसे इथेच आहे. मागच्या दारांच्या पिना पाहिल्या, त्या जवळजवळ कोऱ्या होत्या.

बिजागरीला आमच्याकडे गॅरेजमध्ये कब्जा म्हणतात. या गाडीवर खांबाकडच्या पानाला दोन नळ्या, दाराकडच्या पानाला मध्ये एक, आणि तिन्हींतून जाणारी आठ मिलिमीटरची पिन, अशी रचना होती. पिन बाहेरच्या दोन नळ्यांमध्ये घट्ट बसते आणि मधली नळी तिच्याभोवती फिरते. वरच्या कब्जाची पिन निघायला दोन दिवस लागले. रॉकेल घालून रात्रभर ठेवणे, सकाळी हातोडीचे हलके ठोके, पुन्हा रॉकेल. गॅसने तापवले असते तर दहा मिनिटांत निघाली असती, पण मडगार्डचा रंग गेला असता. निघाली तेव्हा तिचा मधला भाग एका बाजूने खाल्लेला होता, उसाच्या कांड्याला दातांनी चावा घ्यावा तसा. त्या दिशेने माप घेतले तर ७.६ मिलिमीटर, आडव्या दिशेने पूर्ण ८. मधल्या नळीचे भोक लांबट होऊन भाराच्या दिशेने ८.६ झालेले. पिनेची झीज ०.४ आणि नळीची ०.६, मिळून एक मिलिमीटर.

खालच्या कब्जाची गोष्ट वेगळी निघाली आणि मला ती अधिक रोचक वाटते. तिथे पिन मधल्या नळीत गंजून इतकी घट्ट झाली होती की ती दाराबरोबर फिरू लागली होती, आणि जिथे ती कधीच फिरायला नको अशा बाहेरच्या नळ्यांमध्ये झीज झाली होती. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल आणि पाणी मडगार्डच्या मागच्या पोकळीतून नेमके याच जागी येते, हे त्याचे कारण. नुसती पिन बदलून मधल्या नळीत नवीन बुश, म्हणजे पिनेभोवतीची धातूची आतली नळी, घातला असता, तर ज्या नळ्या झिजल्या होत्या त्यांना हातही लागला नसता. पिन निघाल्यावर ती कुठे खाल्ली आहे हे पाहण्याआधी बुश करायला टाकू नये, ते यासाठी. इथली एकूण झीज ०.६ मिलिमीटर भरली.

म्हणजे आडवा खेळ वर १ आणि खाली ०.६, एकूण १.६, त्याच्या अडीचपट चार मिलिमीटर. याशिवाय नळ्यांच्या एकमेकींवर घासणाऱ्या तोंडांची झीज होती, ती सरासरी एक मिलिमीटर. तिच्यामुळे दार सरळ खाली बसते, इथे गुणाकार नाही. चार आणि एक, पाच. मोजलेले होते आठ. तीन मिलिमीटरचा हिशेब लागत नव्हता.

इथे थांबून दोन्ही कब्जे दुरुस्त करून बसवले असते, तर दार पुष्कळ सुधारले असते आणि चौथी दुरुस्तीही काही महिन्यांत आधीच्या तिघींच्या रांगेत जाऊन बसली असती. तीन भागिले अडीच म्हणजे १.२, याचा अर्थ बिजागरीच्या मुळापाशी कुठे तरी आणखी सव्वा मिलिमीटर हालचाल होत होती. दार तात्पुरते जुन्या पिनांवरच पुन्हा टांगले, पिनांभोवती पत्र्याच्या पट्ट्या गुंडाळून खेळ काढून टाकला, डायल गेजचा, म्हणजे बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाचा, चुंबकी पाया डॅशबोर्डखालच्या जाड पत्र्यावर बसवला आणि त्याची सुई खांबाकडच्या पानावर टेकवली. मामांना दार धरून नेहमीसारखे उठायला सांगितले. “आता मुद्दाम उठायचं म्हणजे जमत नाही बघ,” असे म्हणत ते उठले आणि काटा सव्वा फेऱ्याच्या आसपास फिरला. एका फेऱ्याला एक मिलिमीटर, असे ते गेज होते. पान खांबावर हलत नव्हते. ज्या पत्र्यावर ते बसवले होते तो पत्राच श्वास घेतल्यासारखा आतबाहेर होत होता.

आतल्या बाजूचा पुठ्ठा काढून टॉर्च लावल्यावर कारण दिसले. वरच्या पानाच्या कडेला मारलेल्या वेल्डिंगच्या टाक्यांच्या पायथ्यापासून निघालेली, साधारण अडतीस मिलिमीटर लांबीची भेग खांबाच्या पत्र्यात होती. जाड लोखंडी पान पातळ पत्र्याला कडेने वेल्ड केले की भार सगळ्या पानावर पसरण्याऐवजी त्या टाक्यांपाशी एकवटतो, आणि टाक्याच्या अगदी शेजारचा पत्रा उष्णतेने आधीच बदललेला असतो. जाड ताठ भाग जिथे संपतो आणि पातळ लवचीक भाग जिथे सुरू होतो त्या रेषेवर भेग पडते; त्यासाठी फार मोठा भार लागत नाही, दार पुष्कळ वेळा उघडावे-लावावे लागते इतकेच. दार पक्के व्हावे म्हणून केलेल्या कामाने खांब फाडला होता. हे काम ज्यांनी केले त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी पिनेतली झीज पाहिली नाही आणि हलणारी वस्तू दिसली तिथे वेल्डिंग केले.

पर्याय तसे तीन होते. जुन्या बाजारातून दुसरे कब्जे आणणे हा पहिला. पुण्यात नाना पेठेत विचारले, दोन जोड मिळाले, आणि दोन्हींच्या पिनांत आमच्यापेक्षा थोडाच कमी खेळ होता. पद्मिनीचे सुटे भाग मुंबईच्या टॅक्सींमुळे दीर्घकाळ सहज मिळत राहिले. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे त्यांतली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा पुढे या पर्यायाचा भरवसा किती धरायचा हे उघड आहे. दुसरा पर्याय, सगळ्या नळ्या मोठ्या करून जाड पिन घालणे. तो स्वस्त आहे, पण पुन्हा लोखंडावर लोखंड घासणार आणि पुढच्या वेळी आणखी मोठे करायला नळीची भिंत उरणार नाही. तिसरा, मधल्या नळीत गनमेटलचा (कांशाच्या जातीच्या मिश्रधातूचा) बुश बसवून कठीण पिन घालणे, म्हणजे झिजायचे ते बुशाने झिजावे आणि बुश बदलता यावा. आम्ही तिसरा घेतला, खालच्या कब्जापुरती त्याला दुसऱ्याची जोड देऊन.

काम शिवाजी उद्यमनगरात झाले. कोल्हापुरात लेथचे काम करून घ्यायचे तर माणूस दुसरीकडे जात नाही. ज्या पेठेने ऑइल इंजिने घडवली तिथे बोटाएवढा बुश ही काही मोठी मागणी नव्हे. उलट काम फार किरकोळ म्हणून दोघांनी परत पाठवले. तिसऱ्या दुकानातल्या वयस्क टर्नरनी पान हातात घेतले, नळीत करंगळी फिरवली आणि म्हणाले, “ड्रिल मारून आणला न्हाईसा, ते बरं केलासा. ड्रिल लांबट भोकाच्याच मागनं जातंय.” मुद्दा नेमका होता. झिजलेल्या भोकाचे केंद्र मूळ केंद्रापासून सरकलेले असते. ड्रिल किंवा हाताने घातलेला रिमर (भोक नेमक्या मापाला आणणारे हत्यार) त्या सरकलेल्या भोकाचाच माग काढतो, आणि मग नवा बुशही चुकीच्या जागी बसतो. त्यांनी पान चार जबड्यांच्या चकात धरून, आतल्या भोकाकडे न पाहता नळीच्या बाहेरच्या गोलाईवर डायल लावून मध्य साधला, कारण बाहेरची गोलाई झिजलेली नव्हती. केंद्रात पाव मिलिमीटर चूक झाली असती, तरी लॉकपाशी ती अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेली असती.

वरच्या कब्जाची मधली नळी अकरा मिलिमीटरपर्यंत बोअर करून तिच्यात वरून आणि खालून असे दोन कॉलरचे बुश बसवले. कॉलर एक मिलिमीटर जाडीची ठेवली, म्हणजे नळ्यांच्या तोंडांची झीजही तिनेच भरून निघाली. पिन ईएन-८ पोलादाची केली. वरच्या टोकाला डोके आणि त्याखाली नर्लिंगच्या बारीक खाचा, म्हणजे ती बाहेरच्या नळीत घट्ट बसेल आणि सैल झालीच तरी डोक्यामुळे खाली गळणार नाही. खालच्या कब्जाच्या बाहेरच्या दोन्ही नळ्या पान शिकंज्यात पकडून एकाच दमात, एकाच रिमरने नऊ मिलिमीटरच्या केल्या. वेगवेगळ्या केल्या असत्या तर त्या एका रेषेत राहिल्या नसत्या. तिथली पिन नऊची, बुश त्या मापाचा.

बुश दाबून बसवल्यावर पिन आत जाईना. दुकानात ती बुशात लोण्यासारखी फिरत होती, आणि आता अर्ध्यावर अडकली. मी नळी खराब झाली अशा समजुतीने घाबरलो, टर्नर हसले. बुश घट्ट बसतो तेव्हा तो बाहेरून आवळला जातो आणि त्याचे भोक एक-दोन शतांश मिलिमीटरने लहान होते. म्हणून आतले शेवटचे माप बुश बसवून झाल्यावर रिमरने काढायचे असते. ते काढल्यावर पिन स्वतःच्या वजनाने सावकाश खाली उतरली, आणि नळीला वरून दोन मिलिमीटरचे तेलाचे भोक पाडून पाने परत आली.

खांबाचे काम डेंटरकडे, आणि ते अधिक जोखमीचे होते. बॅटरीची दोन्ही टोके सोडवली, सीट बाहेर काढले, डॅशबोर्डखालच्या वायरी बाजूला बांधून त्यांवर ओले गोणपाट टाकले, पाण्याची बादली आणि अग्निशामक जवळ ठेवला. जुने टाके पातळ चाकाने घासून पान सुटे केले. भेगेच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरची भोके पाडली, कारण भेगेचे अणकुचीदार टोक गोल झाले की ती पुढे धावत नाही. मग साध्या रॉडच्या वेल्डिंगऐवजी सीओटू वेल्डिंगने (कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात बारीक तारेने होणाऱ्या), एकेक सेंटिमीटरचे टाके मारत आणि मध्ये पत्रा थंड होऊ देत भेग बंद केली. हा पत्रा मिलिमीटरहून पातळ होता. रॉडने तो जळून मोठे भोक पडले असते. खरी मजबुती मात्र या वेल्डिंगची नव्हे. खांबाच्या आतल्या बाजूने तीन मिलिमीटर जाडीची, पानापेक्षा चारही बाजूंनी मोठी पट्टी घातली आणि तिच्यावर नट वेल्ड केले, म्हणजे कब्जाचे बोल्ट आता पत्र्याला न धरता या पट्टीला धरतात आणि भार तळहाताएवढ्या क्षेत्रावर पसरतो. बाहेरून पान पुन्हा बोल्टांवरच. वेल्डिंगचा एकही टाका नाही. झिंक प्रायमर, रंग, आणि आतल्या पोकळीत पातळ मेण फवारून पुठ्ठा लावला.

दार सुटे होतेच, म्हणून त्याचा आतला पुठ्ठाही काढला. तळाची पाणी निघण्याची छिद्रे बुजलेली होती आणि खाली सुकलेल्या चिखलाचा थर बसलेला; त्यात पाने, काचेच्या जुन्या रबराचे तुकडे आणि गेंड्याचे चित्र असलेले, १९९४ सालचे पंचवीस पैशांचे नाणे सापडले. चिखलाचे वजन सातशे ग्रॅम भरले. मामांनी नाणे पुसून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून दिले. दार जास्तीत जास्त किती उघडावे हे ठरवणारा स्टॉपर तुटून दाराच्या पोकळीत पडलेला होता. तो नसल्यामुळे दार दरवेळी पूर्ण उघडून कब्जाच्या पानांवरच आपटत होते. तो नवा केला.

जुळवणीला एक दुपार लागली. खांबावर पानांच्या जुन्या जागा सुईने आधी आखून ठेवल्या होत्या, पण त्या रेघा दुसऱ्या दुरुस्तीत वाकवलेल्या पानांच्या असल्याने त्यांचा उपयोग फक्त सुरुवातीपुरता झाला. वाकलेले पान उद्यमनगरातच प्रेसवर सरळ करून घेतले होते. स्ट्रायकर आणि दाराभोवतीचे बीडिंग दोन्ही काढून, दार जॅकवर तोलून, आधी मागच्या दाराशी फट सारखी केली, पाच मिलिमीटर. वरच्या कब्जाचे बोल्ट कसले, खालचे हाताने घट्ट करून सोडले आणि दार दहा-बारा वेळा पूर्ण उघडून लावले. दोन्ही पिना एकाच रेषेत नसतील तर दार फिरताना अडखळते आणि बोल्टांना सैल करते. खालचे पान मोकळे ठेवले की फिरता फिरता ते आपली रेषा स्वतः शोधते. मग ते कसले. मडगार्डच्या कडेला चिकटपट्टी लावायला मी विसरलो आणि नखाएवढा रंग उडाला. तो अजून तसाच आहे.

स्ट्रायकर सर्वांत शेवटी. दार नुसत्या कब्जांवर लोंबत असताना लॉक जिथे आपोआप येते, स्ट्रायकरची जागा तीच. त्याची जागा दाराने ठरवायची असते, दाराची जागा त्याने नव्हे. तो पूर्वीच्या खुणेपेक्षा जवळजवळ सहा मिलिमीटर वर गेला. त्यानंतर नवे बीडिंग बसवले, तेव्हा दार थोडे ताठ लागू लागले. ते रबर दबेपर्यंत दोन आठवडे राहते, त्यासाठी स्ट्रायकर हलवू नये.

काम संपल्यावर पूर्वीच्याच पद्धतीने मोजले तेव्हा लॉकपाशी खेळ अर्धा मिलिमीटर होता. खर्च लेथचा १,८००, वेल्डिंग आणि डेंटिंगचा २,५००, रंग, बीडिंग आणि किरकोळ १,९००, असा ६,२०० रुपये झाला. नोंदणीच्या तपासणीत दाराबद्दल कोणी काही विचारले नाही.

भाराच्या हिशेबातला मामांचा हात मात्र तसाच होता. “दार धरू नका” असे सांगून पाहिले. “मग उठू कशाला धरून?” या त्यांच्या प्रश्नाला उत्तर नव्हते. शेवटी छपराच्या कडेला, आतल्या जाड पन्हळीला दोन बोल्टांनी कातड्याचा पट्टा बसवून दिला, बसच्या दांडीला असतो तसा. पहिले काही दिवस त्यांचा हात सवयीने दाराकडेच जाई; आता बहुतेक वेळा पट्ट्याकडे जातो.

एप्रिल २०२४ मध्ये, मधला एक संपूर्ण पावसाळा आणि सुमारे सहा हजार किलोमीटर गेल्यावर पुन्हा स्ट्रायकर काढून माप घेतले. पाऊण मिलिमीटर भरले. तेलाच्या भोकात दर महिन्याला इंजिन ऑइलचे दोन थेंब पडतात, ते काम मामींनी स्वतःकडे घेतले आहे. त्याच दिवशी डाव्या बाजूच्या पुढच्या दारालाही जॅक लावला. तिथे लॉकपाशी तीन मिलिमीटर खेळ निघाला. पिना अजून काढलेल्या नाहीत.